पुढचा कप्पा

केबिन रोडवरच्या दुकानात स्वाती एकेक बॅग कमरेला टेकवून तिची चेन उजव्या हाताने ओढून पाहत होती. मेंदूच्या झटक्यानंतर तिचा डावा हात ओळख विसरलेल्या सोबत्यासारखा नुसता शेजारी असे.

“भाभी, ये लो, एकदम लेटेस्ट. पॉकेट ही पॉकेट!”

“पॉकेट का क्या करूँ? चेन एक हाथ से खुलनी चाहिए.”

बऱ्याच चेनी अडकल्या. शेवटी एका राखाडी बॅगेची चेन हलक्या हाताने सरकली. पुढचा कप्पा चांगला ऐसपैस होता. “हीच,” ती म्हणाली. तिच्या नवऱ्याला, निकेतला, तो रंग काही आवडला नव्हता, पण त्याने पैसे काढून दिले.

आजारपणानंतर स्वातीने प्रत्येक आमंत्रण काही ना काही सांगून टाळले होते. पालीच्या लक्ष्मीचे मात्र तिला मोडवेना. लक्ष्मीची मुलगी मनाली ही तिची विद्यार्थिनी. तिला नोकरी लागल्याचे जेवण होते.

“पण एक सांगते,” रविवारी सकाळी गोडदेवच्या घरात साडी नेसताना ती म्हणाली, “आज तिथे फजिती झाली, तर यापुढे मला कुणाच्या घरी चल म्हणायचं नाही.”

“कसली फजिती?”

तिने ती राखाडी बॅग कमरेला लावली. पट्ट्याच्या बकलाचे एक तोंड तिने परकराच्या नाडीत खोचून स्थिर केले आणि दुसरे त्यात दाबले. खट्. निकेत पाहतच राहिला. त्याच्या धडधाकट दोन हातांना हे कधी सुचले नसते. मागच्या छोट्या कप्प्यात तिने घातलेली प्रत्येक वस्तू अशीच पारखलेली होती. गोळ्यांची पाकिटे आधीच कडेला कातरलेली, किल्लीला बोट सहज शिरेल अशी मोठी कडी, आणि फोन निसटला तरी पडू नये म्हणून दोरीने बांधलेला. कवितेतला अनावश्यक शब्द खोडावा तशी तिने छत्री बाजूला ठेवली.

“पाण्याची बाटली घे. पॉवर बँक पण. पुढचा कप्पा अख्खा रिकामा आहे.”

“तो मोकळाच राहू दे.”

“रिकामी जागा कशाला वाहून न्यायची?”

“तुला नाही कळायचं. स्कूटर काढ.”

पालीत जेवण रंगले. निघताना लक्ष्मी सूप घेऊन पुढे आली. सुपात खण, नारळ, तांदूळ. “म्याडम, पदर पसरा. ओटी भरल्याबिगर जायाचं न्हाय.”

बोलून गेली आणि तिची नजर त्या लोंबत्या हाताकडे गेली. सूप जागीच थबकले. पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो. निकेतला आता फजिती कळली, आणि तो घाईने म्हणाला, “द्या, मी धरतो.”

“तू ओटी धरणार?” स्वाती हसली. “मग कुंकू पण लावून घे.”

तिने चेन ओढली. पदराचे टोक पुढे घेऊन त्या मोकळ्या कप्प्यात अंथरले, कडेवरून हात फिरवून नीट बसवले आणि ती ताठ उभी राहिली.

“घाल, लक्ष्मी.”

“आगो बाय! म्याडम तं ओटीला चेन लावून आयल्या!”

घरभर हशा उसळला. लक्ष्मीने डोळे पुसत खण ठेवला, तांदळाची ओंजळ सोडली, वर नारळ बसवला. निकेत मात्र त्या कप्प्याकडे पाहत होता. किती दिवस तिने मनातल्या मनात ही घडी घालून पाहिली असेल, आणि आपण तिथे पाण्याची बाटली कोंबत होतो!

नारळावरून चेन काही लागेना. परतीच्या रस्त्यावर तो निकेतच्या पाठीत रुतत राहिला.

“टोचतोय का रे?”

“टोचू दे.”

खाडीकडून वारा आला. स्वातीने उजव्या हाताने त्याचा खांदा घट्ट धरला.

“संजनावहिनीकडे डोहाळजेवण आहे. आपण नाही म्हणून कळवलंय.”

“मग?”

“मग काय? फोन करून सांगते, येतोय म्हणून.”