मेंढरांचे वाडे

सुमंत सरांनी पडद्यावरचं उपग्रहाचं चित्र मोठं केलं आणि माळावरच्या सात तपकिरी ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"हे काय आहे, उत्कर्षा? इथे एकही घर दाखवलं नाहीस."

"मेंढरांचे वाडे आहेत, सर."

आवाज जरासुद्धा कापला नाही, याचंच तिला नंतर जास्त वाईट वाटलं.

सांगलीत संगणकावर नकाशे करायला शिकत तिला तीन आठवडे झाले होते. विहीर म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेघ, शेत म्हणजे बंद आकृती, एवढं ती झोपेतही सांगू शकली असती. सरावाला मिळालेलं काम मात्र खरं होतं. जतकडच्या वाड्यावस्त्यांचं एकेक घर नकाशावर आणायचं होतं. उन्हाळ्यात टँकर कुठे जायचा, ते त्यावरून ठरणार होतं. आणि नेमकी तिचीच वस्ती तिच्या वाट्याला आली.

ती सात घरंच होती. कुडाच्या भिंती, वर गवत. तिसऱ्यात ती जन्मली होती. पण वर्गातल्या पोरी सगळ्या शहरातल्या. गाव विचारलं की ती मामाचा सांगलीतला पत्ता सांगायची. शेजारी बसणारी अश्लेषा ते ठिपके बघून हसत म्हणाली होती, "गोठे दिसतायत गं." उत्कर्षाला ते सोयीचं पडलं. पुढे गुपचूप दुरुस्त करू, असं तिने ठरवलं आणि ते राहिलंच.

पण जागेवर जाऊन बघितल्याशिवाय सर नकाशा पुढे पाठवत नसत. शनिवारी जीप काढून ते दोघींना घेऊन थेट माळावर गेले.

माणसं मेंढरांमागे गेली होती. तिसऱ्या घरातून उत्कर्षाची आई, बनाबाई, तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. लेक दिसताच तिचा चेहरा फुलला. उत्कर्षाने मान खाली घातली. बनाबाईने एकवार सरांकडे, मग अश्लेषाकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

"घ्या सायेब, लांबनं आलायसा."

दोघांना पाणी देऊन ती उत्कर्षासमोर आली.

"म्याडम, तुमी बी घ्या."

पोटच्या पोरीला म्याडम! उत्कर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पाणी किती लांबून आणि किती खेपांनी येतं, हे तिच्याइतकं तिथे कोणाला ठाऊक होतं?

"वाडे कसले, घरं आहेत ही," सर म्हणाले. रागावले नाहीत. "घे या घराचा बिंदू. आणि माणसं किती, ते विचार त्यांना."

उत्कर्षा मोबाईल धरून दारासमोर उभी राहिली. तिने विचारायच्या आधीच बनाबाई बोलली.

"आमी दोघं नवराबायकू. एक पोरगी हाय, शिकाया गेलीया. तिला नगा धरू."

"दोन लिही," सर म्हणाले.

उत्कर्षाने लिहिलं. सरांनी मोबाईलमध्ये डोकावून बघितलं.

"तीन का? दोन म्हणाल्या ना त्या?"

"तीनच आहेत, सर." तिने मान वर केली. "तिसरी मी."

बनाबाईने पेला लेकीच्या हातातून काढून घेतला.

"ऊन लय हाय," ती म्हणाली. "सायबास्नी घिऊन आत ये."