पाचव्या परिच्छेदातलं वाक्य

काजवालीने मधमाश्यांवरचा वाचनाचा उतारा बाजूला सारला, त्या जागी चार घड्या घातलेला कागद ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

"बाई, आज हे वाचू. मधमाश्या काही पळून जात नाहीत."

कॅन्टीनच्या लांब टेबलाभोवती बसलेल्या दहाजणी हसल्या. शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात पहिली शिफ्ट चारला सुटायची, आणि आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तासभर हा वर्ग भरायचा. बाई एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. इथे शिकवायला त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, त्या आपणहून आल्या होत्या. बायकांना अक्षरं येत होती. कुणाची शाळा चौथीला सुटलेली, कुणाची सातवीला. अडखळत का होईना, पान वाचून काढायच्या. पण "काय सांगितलंय यात?" असं विचारलं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या. म्हणून गेला महिनाभर बाई एकच गोष्ट शिकवत होत्या : लिहिणाऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता, आणि त्याला टेकू देणारे तपशील कोणते.

"एकेक वाक्य हाताने झाका," त्या सांगत. "झाकूनही बाकीचं उभं राहिलं, तर तो तपशील. कोसळलं, तर तोच मुद्दा."

"म्हणजे खिसा नसला तरी शर्ट तो शर्टच," शर्टांची काजं करणाऱ्या काजवालीने पहिल्याच दिवशी ताडलं होतं, "पण पाठच नसली तर?"

"तर फडकं," काकू म्हणाली होती. काकू बटणांच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेली, सगळ्यांत वडील. साहेब लोकही तिला काकूच म्हणत.

आजचा कागद कारखान्याचा होता. दुपारच्या सुट्टीत सुपरवायझरने तो प्रत्येकीच्या मशीनवर ठेवला होता. नव्या विश्रांतिगृहाचं पत्र आहे, उद्या पाचपर्यंत सही करून द्या, एवढंच तो म्हणाला होता.

"चांगलंच आहे की," बाई म्हणाल्या. "चला. पहिला परिच्छेद कोण वाचतंय?"

इस्त्री विभागातली उंच बाई उठली. तिला बसून वाचता येत नसे. 'आपला कारखाना हे एक कुटुंब असून, आपण सर्व भगिनी या कुटुंबाचा कणा आहात.' पुढे तीन वाक्यं तशीच, गोडाची.

"झाका," बाई म्हणाल्या.

"झाकलं. काही पडलं नाही."

दुसऱ्या परिच्छेदात विश्रांतिगृहाच्या फरश्या होत्या, आरसा होता. तिसऱ्यात थंड पाण्याचं यंत्र. चौथ्यात बदलत्या काळाची पावलं ओळखण्याची गरज. काजवाली एकेक परिच्छेद वहीने झाकत गेली. बाईंना मनातून बरं वाटत होतं. महिन्याभराची मेहनत समोर दिसत होती. मात्र 'कणा' या शब्दावर त्यांची नजर मघाशी उगाच घुटमळली होती, आणि का ते त्यांना कळत नव्हतं.

पाचवा परिच्छेद एकाच वाक्याचा होता. तो काजवालीने वाचला, दोनदा थांबून.

'उपरोक्त सुविधांच्या विस्ताराच्या अनुषंगाने पाळणाघराच्या दोन्ही खोल्या येत्या एक तारखेपासून साठवणुकीच्या कामी घेण्यात येत असून, या पत्रावरील स्वाक्षरी ही सदर बदलास कर्मचाऱ्याची संमती समजण्यात येईल.'

"साठवणूक म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"माल ठेवायला," काकू म्हणाली.

"मग पोरं?"

"पुढे बघ. पोरांचं काही असेल."

इस्त्रीवालीने सहावा परिच्छेद वाचला. 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' तिने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"झाका बरं आता ते पाचवं," काकू म्हणाली. कुणी झाकलं नाही. झाकायची गरजच नव्हती. "ताकाला जाऊन भांडं लपवलंय मेल्यांनी."

टेबलाच्या टोकाला बसलेली नवी रडायला लागली. तिला कामावर लागून चार महिनेच झाले होते, म्हणून सगळ्या तिला नवीच म्हणत. आठ महिन्यांची मुलगी पाळणाघरात ठेवून ती कफ शिवायची. वर्गात ती कधीच मोठ्याने वाचत नसे.

"मी सही केली," ती म्हणाली. "दुपारीच. आरसा लावणार म्हणाले."

आणखी तिघींनी केली होती. इतर विभागांत किती जणींनी केली असेल, याचा हिशेब कुणाजवळ नव्हता.

बाईंनी कागद हातात घेतला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. असलं पत्र लिहिणाऱ्याला चार शब्द सुनवायला त्यांनी तोंड उघडलंही. आणि तेव्हाच त्यांना 'येत असून' नंतरचा स्वल्पविराम दिसला.

तो त्यांनी घातलेला होता.

गेल्याच आठवड्यात, वर्ग सुटल्यावर, वरच्या मजल्यावरच्या कर्मचारी अधिकाऱ्याने त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. तो त्यांचाच शाळेतला जुना विद्यार्थी, तेव्हाचा वर्गाचा मॉनिटर. हा वर्ग भरवायला कॅन्टीन मिळालं तेही त्याच्यामुळे. "बाई, एवढं शुद्धलेखन बघा ना. तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय मला धीर होत नाही." त्यांना किती बरं वाटलं होतं! चहा घेता घेता त्यांनी एकोणीस चुका काढल्या. 'कना'चा 'कणा' केला, 'सम्मती'ची 'संमती' केली. आणि शेवटी जन्माच्या सवयीने खाली लिहिलं, 'छान'.

एवढं सगळं त्यांनी तपासलं होतं. वाचलं मात्र नव्हतं.

गप्प राहणं सोपं होतं. इथे कुणाला काही कळणार नव्हतं. बाईंनी कागद खाली ठेवला. त्यांची कानशिलं इतकी तापली होती की आपला आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

"हे पत्र मी तपासून दिलंय," त्या म्हणाल्या, आणि काय झालं ते सांगितलं. 'छान' लिहिल्याचंही.

इस्त्रीवाली हळूच खाली बसली.

"म्हणजे आज आम्हाला वाचायला बसवलंत, त्याआधीच हे तुमच्या हातून गेलं होतं," काजवाली म्हणाली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

"हो."

"तुम्हीपण वाचलं नाही, आमच्यासारखंच," काकू म्हणाली. "आम्हाला निदान येत तरी नव्हतं."

बाई उठल्या आणि जिना चढून वर गेल्या.

केबिनमध्ये मॉनिटर घरी जायच्या तयारीत होता. त्यांना बघून तो उभा राहिला. ते वळण अजून गेलं नव्हतं.

"बसा ना, बाई."

"बसायला आले नाही. पाळणाघर बंद करतोयस, ते पाचव्या परिच्छेदात कशाला?"

त्याने दार लोटून घेतलं. "हे बघा, निर्णय माझा नाही. वरून आलाय. मला फक्त कळवायचं होतं, मी कळवलं. एक शब्द खोटा आहे का त्यात?"

"खोटा नाही. लपवलेला आहे."

"लपवलेला कसा? सरळ छापलाय. वाचणाऱ्याने वाचायला नको?" मग तो थोडं हसला, लहानपणी उत्तर बरोबर आलं की हसायचा तसंच. "मुख्य कल्पना दर वेळी पहिल्याच ओळीत असते असं नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

बाईंनी टेबलाची कड धरली. या मुलाच्या वहीवर त्यांनी कितीदा शेरे दिले होते. दुसऱ्या वर्गांना दाखवायला त्या त्याची वही घेऊन जायच्या.

"शोधायला शिकवलं होतं रे," त्या म्हणाल्या. "पुरायला नव्हतं शिकवलं."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. आणि एक सांगतो, राग मानू नका. कॅन्टीन तुम्हाला व्यवस्थापनाने दिलंय, ते लिहायला-वाचायला. दुसऱ्या कशाला नाही."

"हे वाचणंच चाललंय," बाई म्हणाल्या आणि दार उघडं टाकून निघाल्या. जिन्यात त्यांना थांबावं लागलं. राग कुणावर जास्त होता, मॉनिटरवर की स्वतःवर, ते त्यांना नीट ठरवता येत नव्हतं.

खाली आल्या तर दहाही जणी एकाच वहीवर वाकल्या होत्या. काजवाली लिहीत होती, बाकीच्या तिला सांगत होत्या.

"आधी नमस्कार घाल."

"नमस्कार कशाला? पहिल्या ओळीत मुद्दा. बाकी सगळं खाली."

पत्र पुरं झालं तेव्हा ते अर्ध्या पानाचं भरलं. पहिली ओळ होती : 'पाळनाघर बंद करायला आमची संमती नाही.' खाली तीन टेकू दिले होते. खोल्यांत सध्या चौदा मुलं आहेत. ज्यांना घरी कुणी नाही त्या आया मुलांना कुठे ठेवतील, ते पत्रात लिहिलेलं नाही. सह्या घेताना आरशाचं सांगितलं, खोल्यांचं सांगितलं नाही. सगळ्यांत शेवटी नवीने वही स्वतःकडे ओढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मी सही केली तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलं. ती सही माझी धरू नये.' उरलेल्या तिघींनी त्याखाली आपापली नावं घातली.

बाईंनी पत्र वाचलं. या वेळी त्यांनी ते खरोखर वाचलं, शब्दाशब्दावर थांबून. मग त्यांचा हात आपसूक 'पाळनाघर'वर गेला.

"इथे 'ण' हवा. मी फक्त तेवढं..."

काकूने वही मिटली.

"राहू द्या, बाई. कळतंय ना काय म्हणायचंय ते?"

"कळतंय."

"मग झालं तर. चुका आमच्याच असू देत."

बाईंना ते लागलं. लागायला हवंच होतं. त्यांनी मान हलवली आणि मधमाश्यांचे उतारे गोळा करून पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी वहीतून फाडलेलं ते पत्र विभागाविभागांतून फिरायला लागलं. कॉलर विभागात काजवालीने वाचून दाखवलं, इस्त्री विभागात उंच बाईने, अर्थातच उभं राहून. सुपरवायझरने एकदा पान हिसकावून घेतलं. तासाभरात तेच पत्र दुसऱ्या अक्षरात लिहिलेलं पुन्हा फिरत होतं. पाचला वरच्या मजल्यावर गेलं तेव्हा त्याखाली त्रेसष्ट सह्या होत्या. विश्रांतिगृहाच्या पत्रावर एकोणतीस होत्या, त्यातल्या बावीस या त्रेसष्टांतही होत्या.

सोमवारी बाई आल्या तर कॅन्टीनला कुलूप. 'दुरुस्तीसाठी बंद', असा कागद दारावर होता. आत दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. बायका सायकल शेडच्या पायऱ्यांवर बसून बाईंची वाट बघत होत्या. दहाच्या सोळा झाल्या होत्या. बाई मधल्या पायरीवर बसल्या. पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फळा झालं.

गुरुवारी, शिफ्ट सुटायच्या वेळेला, नवं पत्र आलं. काजवाली ते हातात फडकवतच पायऱ्यांपाशी आली.

"बाई, ऐका. सगळ्या ऐका गं." तिने मोठ्याने वाचलं. "'पाळणाघर बंद करण्याचा कोणताही विचार व्यवस्थापनाने कधीही केलेला नव्हता.'"

"घ्या!" इस्त्रीवाली म्हणाली. "म्हणजे आम्हाला स्वप्न पडलं होतं."

"'काही कर्मचाऱ्यांचा गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे. भगिनींच्या भावनांचा आदर राखून, पाळणाघर पुढील सूचनेपर्यंत सध्याच्याच जागी सुरू राहील.'"

पायऱ्यांवर एकच गलका झाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी मॉनिटर साहेबांची नक्कल केली. काकूने काजवालीच्या पाठीत धपाटा घातला आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे पुसले. बाईही हसत होत्या. 'भगिनींच्या भावनांचा' या शब्दांनी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण जिंकल्यावर कुठे शब्दांना धरून बसायचं? शाबासकी द्यायला म्हणून त्या उठून उभ्या राहिल्या.

नवी तेवढी हसत नव्हती. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. एका हाताने तिला सावरत नवीने ते पत्र मांडीवर घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती एकेक वाक्य झाकून बघत होती. पहिलं झाकलं, दुसरं झाकलं. तिसऱ्यावर मात्र तिचं बोट मध्येच थांबलं.

"बाई," ती म्हणाली. तिचा आवाज गलक्यात ऐकू गेला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "बाई, 'पुढील सूचनेपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत?"

एकेक करून सगळ्या तिच्याकडे वळल्या. बाई उभ्या होत्या त्या तशाच खाली बसल्या.

काकूने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.

"सरक गं," ती काजवालीला म्हणाली, आणि मग नवीकडे वळली. "वाच परत. पहिल्यापासून. सावकाश."