आधी दिव्याकडे बघा

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. अंगावर तपकिरी सुताचं विणकाम, टोकाला काळा प्लग. अकोल्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या देवमन शिरसाटांच्या रेडिओला मी वीज पुरवायची. माझ्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे!

१९६२ साली त्यांची मुलगी ललिता नागपूर आकाशवाणीवर गाणार, असं पत्र आलं. मंगळवारी, सायंकाळी सव्वासहाला. घर हरखलं. पण नेमका त्याच सुमारास रोज रेडिओचा आवाज बसायचा. लेकीचं गाणं ऐकूच आलं नाही तर? देवमनराव धास्तावले.

रेडिओ दुरुस्त करणारे वामनराव म्हणाले, "वायर म्हातारी झाली. जाड लावा, आवाज खुलते."

चोर सोडून संन्याशाला फाशी! जाडजूड रबरी वायर आली अन् मी खिळ्यावर गेले. मला फार लागलं ते.

"पाह्य, कसा मोकळा आवाज हाय!" देवमनराव दुपारी खुशीत म्हणाले.

त्यांची बायको मनकर्णाबाई रेडिओकडे पाठ करून बसली. "आता बदलून लावा. कोन्ती लावली ते सांगू नका."

तीनदा अदलाबदल झाली. बाई हसली. "मले तं काईच फरक वाटून नाई राहिला."

सहा वाजता नव्या वायरीवरही आवाज बसला. बाईनं वर पाहिलं. "दिवा बी मंद झाला. त्याची वायर बी म्हातारी झाली काय?"

शेजारी शेषरावांची नवी पिठाची गिरणी रोज सहालाच सुरू व्हायची. विजेची सगळी ओढ तिकडे! बाई तडक तिथं गेली. "भाऊ, मंगळवारी सव्वासहाले गिरणी बंद ठेवा. पोरगी गाते."

"गिऱ्हाइकं बोंबलतीन ना, वहिनी."

"त्याइले बी घेऊन या."

मंगळवारी बाईनं मलाच लावलं. गिरणी थांबली. ज्वारीचे डबे घेऊन अख्खी रांग अंगणात बसली. दिवा लख्ख होता. ललिताचा आवाज असा स्वच्छ आला, की शेषरावांनी पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. माझी छाती अभिमानानं फुगली.

नवी वायर पुढं इस्त्रीला गेली. मी शेवटपर्यंत रेडिओलाच राहिले. आता तो मुका झालाय, पण बाईनं मला ललिताच्या पत्रासोबत ट्रंकेत जपून ठेवलंय.

मित्रांनो, म्हाताऱ्यांना खिळ्यावर टांगण्याआधी एकदा दिव्याकडे बघत जा.