आठच्या आत

सुशीलाबाईंनी काढलेल्या ग्रुपचं नाव होतं 'हजेरी', आणि नियम वरच चिकटवलेला होता: 'सकाळी आठच्या आत फक्त GM टाकावे. फुले, सूर्योदय व सुविचार पाठवू नयेत. ते सर्वांकडे पुरेसे आहेत.'

GM म्हणजे गुड मॉर्निंग, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सदाशिव पेठेतल्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच होता, की मी रात्रीतून गेलेलो नाही. एकेकटी राहणारी सहा म्हातारी माणसं रोज तेवढं एकमेकांना कळवत. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाई न्हाणीत पडल्या आणि दोन दिवस तशाच पडून राहून गेल्या. कुणाला पत्ता नाही. त्यांच्या तेराव्याला सुशीलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या इमारतीत पुन्हा असं कुणी मरणार नाही. मी मरू देणार नाही." आणि संध्याकाळी ग्रुप काढला.

प्रत्येकाच्या घराची एक किल्ली सुशीलाबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे. आठ वाजता ज्याचं GM नाही, त्याच्या दारी जाऊन तीनदा बेल. दार उघडलं नाही, तर किल्ली. दोन वर्षांत किल्ली वापरावी लागली नव्हती. बाईंना याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

तळमजल्यावरचे दत्तोबा जन्मभर मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर राबलेले. ते पहाटे साडेचारलाच GM टाकून मोकळे होत. घोडं अडायचं पहिल्या मजल्यावर, वैजनाथरावांपाशी. हे यवतमाळकडचे. कारखान्यात उभी हयात रात्रपाळी केलेली, त्यामुळे झोप नऊपर्यंत. आठवड्यातून तीनदा तरी सुशीलाबाई ठणकते गुडघे घेऊन तिसऱ्या मजल्यावरून दोन जिने उतरायच्या. तीनदा बेल वाजवायच्या. मग आतून चपला शोधल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ वैजनाथरावांचा, "आलो जी, आलो. जिवंत आहो."

एका सकाळी गुडघे फारच दुखत होते. त्यात जिभेला हाड नसतं.

"वैजनाथराव, एकदा खरंच मरून दाखवा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला पुन्हा पुन्हा उतरायला नको."

वैजनाथराव हसले. "चुकलं जी," म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून त्यांचं GM सातला यायला लागलं. रोज. सुशीलाबाईंनी ग्रुपवर जाहीर कौतुक केलं: 'याला म्हणतात शिस्त.' जिन्यात भेटल्यावर पुन्हा म्हणाल्या, "बघा, मनात आणलं की सगळं होतं." वैजनाथराव ओशाळं हसले आणि खाली बघत निघून गेले. बाईंना वाटलं, स्वभावच बुजरा.

दोन महिने सुखाचे गेले. मग एका मंगळवारी वैजनाथराव जिन्यात दिसले नाहीत. सातचं GM आलेलं होतं, बाईंनी त्याला अंगठाही दिला होता. बुधवारी सकाळी त्यांचा टीव्ही ऐकू आला नाही, तेव्हा बाई खाली जायला निघाल्याही होत्या. पण उंबऱ्यात थांबून त्यांनी फोन बघितला. सात वाजता, GM. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्या परत फिरल्या. वैजनाथरावांच्या दारात साचायला दुधाची पिशवी नाही, कारण दूध त्यांना पचत नसे. पेपर ते वाचनालयात वाचत. गुरुवारीही सातला GM आलं, बाईंनी पुन्हा अंगठा दिला.

त्याच दुपारी टाकी धुवायची म्हणून बाईंनी सगळ्यांना पाणी भरून ठेवायला ग्रुपवर सांगितलं. वैजनाथराव सोडून सगळ्यांनी उत्तर दिलं. बाईंनी फोन लावला. वाजत राहिला. फोन कानाला धरूनच त्या दोन जिने उतरल्या, तर बंद दाराआड तीच घंटी ऐकू येत होती. आणि दारापाशी वास होता. मग त्या किल्ली आणायला पुन्हा वर चढल्या. तेवढं चढणं त्यांना जन्मभर पुरेल.

वैजनाथराव घरातल्या बोळात पालथे पडले होते. फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर, चार्जरला लावलेला.

अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. वाचा गेली असेल, त्यामुळे हाक मारता आली नाही. सोमवारी संध्याकाळी पडले असावेत.

"आणि गेले कधी?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"बुधवारी केव्हातरी. दुपारी, बहुधा."

बुधवारी दुपारी. म्हणजे बाई उंबऱ्यातून परत फिरल्या, तेव्हा खाली माणूस जिवंत होता. सातला ओट्यावर फोन वाजला, तोही त्यांनी ऐकला असणार.

हिंजवडीत नोकरी करणारा वैजनाथरावांचा पुतण्या तेजस रडत रडत सांगत होता. "ते ॲप मीच टाकून दिलं होतं. ऑटोमॅटिक जातो मेसेज, रोज सातला. मला काय माहीत, काकू..."

"माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं ना त्यांना?" बाईंनी विचारलं. "काय म्हणाले माझ्याबद्दल?"

"नाही हो. एवढंच म्हणाले, बाईंचे गुडघे फार दुखतात. सारखे त्यांना माझ्यासाठी दोन जिने उतरावे लागतात, तेवढे वाचव."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या सोसता येतात. सुशीलाबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या. आजवर त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

अंत्यसंस्कार शुक्रवारी झाले. काकांचा फोन तेजस बरोबर घेऊन गेला. ते ॲप बंद करायचं त्या गडबडीत त्याला सुचलं नसावं.

शनिवारी सातला सुशीलाबाईंचा फोन वाजला. वैजनाथराव: GM.

बाईंनी अंगठा दिला नाही. चष्मा काढून ठेवला, खिळ्यावरची वैजनाथरावांची किल्ली घेतली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत पहिल्या मजल्यावर आल्या. नियमाप्रमाणे तीनदा बेल वाजवली. मग एखाद्याला चपला सापडायला लागेल तेवढा वेळ त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"आले हो मी," त्या म्हणाल्या.