अंगठ्याला दिसलेला उपग्रह

थोरल्या जावेचा नेम घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. दिवेलागणीला गच्चीवर जायचं, दुर्बीण लावायची आणि ज्यांच्या वाटा कोणतंच सरकार जाहीर करत नाही असे उपग्रह शोधायचे. एखादा ठरलेल्या ताऱ्याजवळून गेला की स्टॉपवॉचचं बटण दाबायचं आणि ती वेळ गटाला कळवायची. असे हौशी दहा-बाराजण ठिकठिकाणी बसलेले होते. सगळ्यांच्या वेळा एक निवृत्त गणिताचे मास्तर गोळा करत आणि उपग्रह पुढे कधी, कुठे दिसेल ते मांडत. गटात थोरलीच्या शब्दाला वजन होतं. बाई अंदाजाने बोलत नाहीत, असं मास्तर नव्या माणसांना आवर्जून सांगत.

त्या दुपारी मास्तरांचाच फोन आला.

"ताई, रागावू नका. तो उपग्रह परवापासून कोणालाच सापडत नाहीये. फक्त तुम्हाला काल सापडला, तोही माझ्या गणिताच्या अगदी सेकंदावर."

"मग?"

"तुमच्या भरवशावर मी सगळ्यांना त्याच वाटेवर डोळे लावून बसवलंय. त्याने इंजिन चालवून वाट बदलली असेल, तर आम्ही रिकाम्या आभाळाची राखण करतोय. नक्की दिसला ना?"

"दिसला," थोरली म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिचं भाजी निवडण्यात लक्ष लागेना. दिसला, म्हणजे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं होतं आणि अंगठा दाबला गेला होता.

संध्याकाळी तिने धाकट्या जावेला हाक मारली. "वर येतेस? तुझ्या नवऱ्याची दुर्बीण घेऊन ये." दिराने हौसेने वहिनीसारखीच दुर्बीण घेतली होती आणि आठवड्यात माळ्यावर टाकली होती.

"आज सूर्य कुठे उगवला, जाऊबाई? इतकी वर्षं या गच्चीत साधं उभं राहू दिलं नाहीत मला!"

"बडबडू नकोस. तो पिवळट तारा दिसतोय? त्याच्या खाली बघत राहा. काही हललं की सांग."

"येणार कधी पण?"

"ते नाही सांगणार."

"म्हणजे परीक्षाच म्हणा की!"

दोघी दुर्बिणींना डोळे लावून बसल्या. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करायच्या खटपटीत होतं. थोरलीला मास्तरांनी दिलेली वेळ पाठ होती. ती आली, ताऱ्याखाली एक पुसट ठिपका सरकला आणि तिने बटण दाबलं.

धाकटी तशीच बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "अजून उशीर आहे का हो? माझी मान अवघडली."

थोरलीने स्टॉपवॉच पदराखाली घेतलं. "तुला तिथे काय दिसतंय?"

"दोन बारीक तारे, जुळ्यांसारखे. मधे धुळीच्या कणाएवढा तिसरा. पण सगळे जागच्या जागी. हललं काहीच नाही."

थोरलीने पुन्हा पाहिलं. मग धाकटीच्या दुर्बिणीतून पाहिलं. दोन्हींत तिला एकच तारा दिसला, तोही पिंजलेल्या कापसासारखा.

"आत्ता गेला म्हणून मी बटण दाबलं," ती म्हणाली.

धाकटी हसणार होती, पण तिचा चेहरा बघून थांबली. "नंबर वाढला असेल चष्म्याचा. आज दिसला नाही म्हणा, झालं. कालचं कोण उकरतंय?"

"अगं, कालच्यामुळेच सगळे चुकीच्या ठिकाणी बघत बसलेत."

तिने तिथूनच फोन लावला. "मास्तर, कालची माझी वेळ काढून टाका. तिथे उपग्रह नव्हता. तुमचं गणित मला पाठ होतं, तेच दिसलं."

"बरं झालं सांगितलंत," मास्तर म्हणाले. "आता सगळ्यांना आभाळ वाटून देतो. सापडेल." मग अडखळत म्हणाले, "ताई, तुमच्या मागच्या बऱ्याच वेळा अशाच बिनचूक आहेत. मी कौतुक करत होतो. त्यांचं काय करू?"

धाकटी दोन्ही हातांनी नको-नको करत होती.

"त्याही काढा," थोरली म्हणाली आणि कोणत्या महिन्यापासून, ते त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.