खिशातच राहिलेला लाल फडका

मित्रांनो, मला रुमाल समजू नका. रुमाल इस्त्री करून घेतो, अत्तर लावून घेतो आणि खिशात मिरवतो. मी एक जुना लाल फडका आहे, आणि खरं सांगायचं तर आता लालही फारसा उरलेलो नाही. ग्रीसच्या डागांनी माझा रंग झाकला आहे. पण एकेकाळी मी इतका लाल होतो की खूप लांबूनही माणसाला दिसायचो. माझं कामच तसं होतं.

माझा जन्म एका खुर्चीच्या उरलेल्या कापडातून झाला. माझ्या मालकाची धाकटी बहीण सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचं काम करते. तिच्या तोंडात सदा टाचण्या धरलेल्या असतात, म्हणून घरी-दारी सगळे तिला टाचणीच म्हणतात. एका दवाखान्यातल्या खुर्च्यांचं काम संपल्यावर लाल कापडाचा तुकडा उरला. तिनं त्याचे दोन भाग केले, कडा दुमडून शिवल्या आणि एक भावापुढे टाकला.

"हा तुझा, दादा. हरवलास तर पुढच्या वेळी माझा परकर कापून देईन, तो गुलाबी आहे."

दादा म्हणजे माझा मालक. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोघा भावंडांना एअरसॉफ्ट नावाच्या खेळाचं वेड होतं. या खेळात दोन संघ असतात. बंदुका दिसायला खऱ्यासारख्या, पण त्यांतून मिरीच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे पांढरे छर्रे सुटतात. डोळ्यांवर जाड गॉगल आणि तोंडावर जाळी असल्याशिवाय कुणाला मैदानात पाऊलही टाकू देत नाहीत. छर्रा लागला की चिमटा बसल्यासारखं होतं, पण कपड्यावर डाग पडत नाही, रंग उडत नाही. म्हणजे लागलं की नाही हे ज्याला लागलं त्यालाच पक्कं कळतं. ज्याला लागलं त्यानं स्वतःहून "बाद!" म्हणून ओरडायचं, लाल फडका काढून डोक्यावर धरायचा आणि गप्प बाहेर जायचं. बाद झालेल्यानं बोलायचं नाही. सगळा खेळ माणसाच्या शब्दावर आणि माझ्यासारख्या फडक्यांवर उभा असतो.

माझी ती पहिली वर्षं फार सुखाची होती. मालक डाव्या बाजूच्या खिशात मला ठेवायचा. छर्रा कुठेही लागो, बुटाच्या टोकाला का लागेना, तो मला लगेच बाहेर काढायचा. "याचा फडका बंदुकीच्या आधी निघतो," असं समोरच्या संघातले लोक कौतुकानं म्हणायचे. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! फडक्याला याहून मोठा मान कुठला मिळणार?

बाद झालेल्यांच्या जागेत आमची बेकरीवाल्या काकांशी ओळख झाली. काका समोरच्या संघात खेळायचे. पांढरी मिशी, जाड चष्मा आणि त्यावर आणखी गॉगल. सगळ्यांत म्हातारे तेच, पण नेम असा की भले भले दबकून असायचे. ते पिशवीत बिस्किटं आणायचे आणि डोक्यावर लाल फडका घेऊन बसलेल्या सगळ्यांना वाटायचे. "घ्या, मेलेल्यांचा फराळ," असं म्हणून स्वतःच खो-खो हसायचे. माझ्या मालकाला ते हटकून एक बिस्किट जास्त द्यायचे. म्हणायचे, "हा खरा बोलतो म्हणून."

मग ती मोठी स्पर्धा आली. शनिवार-रविवार, दोन दिवसांची. बंद पडलेला बाटल्यांचा कारखाना त्यासाठी घेतला होता. गंजलेल्या भट्ट्या, काचांविना खिडक्या, आवारभर गुडघ्याएवढं गवत. इतके खेळाडू आले होते की गाड्या लावायला जागा पुरेना. आमच्या संघाचा कप्तान ड्रायव्हिंग शिकवणारा होता. त्याला सगळे क्लचमास्तर म्हणत. तो मैदानातही तसाच ओरडायचा, "सावकाश! वळणावर बघून! घाई कुणी सांगितली?"

शनिवारी आमचा संघ मागे पडला. रविवारी दुपारी बरोबरी झाली. शेवटी पंचांनी जाहीर केलं की कारखान्याच्या मधल्या चौकात जी घंटा टांगली आहे, ती जो संघ आधी वाजवेल तो जिंकला.

आमचे गडी एकामागून एक बाद होत गेले. क्लचमास्तर बाद झाला. टाचणी चौकाच्या तोंडाशी बाद झाली आणि डोक्यावर फडका धरून बाहेर जायची वाट मोकळी होईपर्यंत तिथंच भिंतीला टेकून बसली. राहिला फक्त माझा मालक. तो गवतातून रांगत, भट्टीच्या आडोशानं चौकापर्यंत पोचला. घंटा दिसत होती. तो उठला आणि धावला.

तेवढ्यात छर्रा लागला.

मित्रांनो, तो कुठे लागला हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तो डाव्या खिशावर लागला. माझ्याच अंगावर बसला आणि माझ्यातून मालकाच्या कमरेला झोंबला. त्यानं दात आवळले. त्याचा हात सवयीनं खिशात आला. त्याची बोटं माझ्याभोवती मिटली. मी निघायला तयार होतो.

पण हात तसाच थांबला. घंटा समोर होती. इतकी वर्षं तो खेळत होता, पण शेवटची घंटा त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. बोटं सुटली. हात रिकामा बाहेर गेला. मग मला घंटेचा आवाज ऐकू आला आणि आमच्या संघाचा जल्लोष.

"अहो पंच, त्याला लागलंय!" वरच्या खिडकीतून बेकरीवाले काका ओरडले. ते धापा टाकत खाली आले. "डाव्या कमरेला. मी माझा छर्रा तिथं बसून उडालेला पाहिला."

सगळे भोवती जमले. पंचांनी माझ्या मालकाला विचारलं, "लागलं का?"

"नाही," तो म्हणाला. "भिंतीवर आपटून उडाला असेल."

"भिंत तर केवढी लांब होती," काका म्हणाले.

"काका, चष्मा पुसा की जरा!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. "नाहीतर बंदुकीलाच चष्मा लावा!" आणखी एकजण म्हणाला. आमच्या संघातले हसले, त्यांच्या संघातलेही हसले.

काकांनी खरंच गॉगल काढला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. मग ते माझ्या मालकाकडे बघून म्हणाले, "तू म्हणतोस नाही, म्हणजे नाही. तू खोटं बोलणारा नाहीस. माझ्याच डोळ्यांनी घोटाळा केला असेल."

माझ्या मालकाला लोकांनी खांद्यावर उचललं. मी त्याच्या खिशात चुरगळून पडलो होतो. मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तरी मी काय केलं असतं, कोण जाणे. पण त्या दिवशी इतक्या उंचावर बसूनही मला खोल खड्ड्यात पडल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर शर्ट बदलताना टाचणीनं त्याच्या कमरेवरचा गोल, जांभळा डाग पाहिला.

"दादा, हे काय?"

"पाना लागला. लिफ्टच्या कामात."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलली नाही, की बोलायचं नव्हतं म्हणून, ते मला कळलं नाही.

त्यानंतर तो खेळायला गेला नाही. कधी काम आहे, कधी पाठ दुखते. क्लचमास्तरचे फोन आले की म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." एके दिवशी त्यानं मला पिशवीतून काढलं आणि हत्यारांच्या पेटीत टाकलं. तेव्हापासून मी ग्रीस पुसू लागलो. मी डोळ्यांसमोरून जावं म्हणून की रोज हाताशी यावं म्हणून, ते त्याचं त्यालाच माहीत. मला हातात घेतलं की तो जरा थांबायचा, मग जोरजोरानं लिफ्टचे दोर पुसायचा.

असे महिने गेले. एका शनिवारी बेकरीतली पिठाची पोती चढवायची लिफ्ट अडकली आणि बोलावणं आलं. जाऊ की नको असं करत तो गेला. दारात पावांची गाडी उभी होती. स्टिअरिंगपाशी काकांची मुलगी बसली होती आणि काका मागून तिला ट्रे देत होते.

"काका, गाडी तुम्ही नाही चालवत?" मालकानं विचारलं.

"सोडली रे," काका सहज म्हणाले. "त्या घंटेच्या दिवसापासून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणतो नंबर तोच आहे, काही झालेलं नाही. पण मला सांग, जे नव्हतंच ते मी स्वच्छ पाहिलं होतं. उद्या याच्या उलट झालं तर? रस्त्यात कुणाचं लेकरू आडवं आलं आणि मला दिसलंच नाही तर? नको बाबा."

"बाबा पहाटेपासून भट्टीपुढे असायचे आणि मग गाडी घेऊन निघायचे," मुलगी म्हणाली. "गाडी म्हणजे त्यांचा जीव होता. आता दुपारभर नुसते बसून असतात."

मालकानं लिफ्ट दुरुस्त केली. मला कुठे ठेवलं याचंही त्याला भान नव्हतं; मी दोनदा खाली पडलो. घरी आल्यावर त्यानं जेवायच्या ताटावर बहिणीला सगळं सांगितलं, म्हणजे काकांनी गाडी सोडल्याचं. आपलं नाही सांगितलं.

टाचणीनं घास खाली ठेवला. "पाना लागला होता ना तुला, दादा?"

तो ताटातला भात चिवडत राहिला.

"मी भिंतीपाशी बसले होते. तुझा हात खिशात गेलेला मी पाहिला. मला वाटलं, तू आपण होऊन बोलशील. मी वाट बघत राहिले, हे माझंही चुकलं." ती उठून गेली. तिचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक बेकरीत गेला. सवयीनं पेटी घेऊनच. काका बाकावर बसले होते. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काका, लागलं होतं. डाव्या कमरेला. तुम्ही पाहिलंत ते खरं होतं. मी खोटं बोललो."

काकांनी शिवी दिली नाही. उठून आत गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले.

"बस गाडीत."

मालक बसला. मांडीवर पेटी, पेटीत मी. काकांनी गाडी काढली. काही वेळानं ते समोर बघत मोठ्यानं बोलू लागले.

"ते वळणावर काय लिहिलंय? 'पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा.' बरोबर?"

"बरोबर, काका."

"त्या टपरीवर. 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील.' खाली बारीक अक्षरात 'सोमवारी बंद'. बरोबर?"

"बरोबर."

"त्या बाईच्या हातातली पिशवी निळी. तिला एकच बंद आहे. दुसरा तुटलाय. बरोबर?"

"काका..."

"बरोबर की नाही ते सांग!"

"बरोबर," मालक म्हणाला.

रस्ताभर काका वाचत राहिले. पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या जाहिराती. मग त्यांनी वाचणं थांबवलं. "मी तुझ्यावर इतका भरवसा ठेवला," ते म्हणाले, "की स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. हरलो त्याचं काही नाही रे. खेळ आहे."

गाडी थांबली ती बाटल्यांच्या कारखान्यापाशी. रविवार होता, आणि आता दर रविवारचा खेळ तिथंच असायचा. खेळाडू आवारात जमले होते.

"जा," काका म्हणाले. "जे हसले होते, त्यांना सांग. मी इथंच आहे."

मालक उतरला. पेटी उघडून तो मला काढेल, डोक्यावर धरेल, असं मला वाटलं. पण त्यानं पेटी गाडीतच ठेवली आणि रिकाम्या हातांनी गेला. पेटीच्या फटीतून आणि गाडीच्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. त्यानं काही सजवून सांगितलं नाही. लागलं होतं, लपवलं, काका खरे होते, आणि त्यापायी त्यांनी गाडी चालवणं सोडलं. एवढंच.

मग क्लचमास्तरनं आपली टोपी काढली. "चष्मा पुसा म्हणणारा मी होतो," तो म्हणाला. आणखी एकजण पुढे आला. "त्या स्पर्धेत शनिवारी मला पाठीत लागलं होतं. मीपण नाही सांगितलं. वाटलं, कुणाला कळतंय." मग एका मुलीनंही तसंच कबूल केलं. गॉगल कपाळावर चढवून एवढी मोठी मोठी माणसं खाली बघत उभी होती. त्या दिवशी खेळ फार उशिरा सुरू झाला.

खेळायला आलेली टाचणी येऊन भावाशेजारी उभी राहिली. क्लचमास्तर गाडीपाशी आला आणि काकांना हात जोडून म्हणाला, "काका, चला ना खेळायला."

काकांनी मान हलवली. "आज नाही. आज मला गाडी चालवायची आहे." मग माझ्या मालकाकडे बघून म्हणाले, "तुला लगेच माफ करता येत नाही मला. येईल तेव्हा सांगेन." त्यांनी पेटी त्याच्या हातात दिली, गाडी वळवली आणि एकटेच निघून गेले.

मित्रांनो, ते अजून तसं म्हणालेले नाहीत. मालक दर आठवड्याला बेकरीची लिफ्ट न बोलावता तपासून येतो. काका त्याला चहा देतात, दोन शब्द बोलतात. बिस्किट मात्र अजून दिलेलं नाही.

माझ्या जातीच्या वस्तू आमची काळजी घ्या, आम्हाला धुवा, जपा, असं तुम्हाला सांगतात. मी तसं सांगणार नाही. फडका मळला तर मळू द्या, फाटला तर दुसरा शिवता येतो. माझं मागणं एवढंच आहे, की खेळात असो वा घरात, "लागलं का?" असं कुणी विचारलं तर खरं ते सांगा. तुमच्या "नाही"वर विश्वास ठेवणारं एखादं माणूस समोर उभं असतं, आणि तुम्ही पुढे निघून गेल्यावरही ते तिथंच उभं राहून आपला चष्मा पुसत बसतं.