सहा फूट पाइप

हीटर बसवणाऱ्या नथूने उदबत्ती पेटवून चालू हीटरच्या फटीशी धरली. धुराची रेघ क्षणभर घुटमळली आणि मग नव्या सुनेसारखी मुकाट आत गेली.

"पाइपची ओढ झकास आहे, ताई. इथं बसनाऱ्या बायांना काय बी धोका नाही."

अरुणाने मान डोलावली. आमलीतल्या त्या रो-हाउसच्या गॅरेजमधून गाडी केव्हाच बाहेर गेली होती. तिच्या जागी जाळीच्या मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर नागलीचे पापड. सिल्वासाच्या पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, नुसते मनात कुढत राहतात. म्हणून हा हीटर.

तो निवडायला तिच्या नवऱ्याने, मुकुंदने, तीन रविवार घालवले होते. दादऱ्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणारा माणूस, घरात एक शेगडी आणायची तर व्याख्यान दिल्याशिवाय कसा राहील? दुकानदार बिनपाइपचा हीटर गळ्यात मारू पाहत होता. मुकुंदने त्याची शाळाच घेतली. बंद जागेत गॅस अर्धवट जळला तर विषारी वायू सुटतो; तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. माणसाला वाटतं झोप येतेय, आणि तो झोपतो. तेव्हा तो वायू बाहेर सोडणारा, पाइपवालाच घ्यायचा. हे व्याख्यान अरुणाने दुकानात एकदा, घरी दोनदा ऐकलं होतं. लक्ष नाही असं दाखवून सगळं लक्षात ठेवायची तिची सवय जुनी होती.

पाइपच्या जागेवरून मात्र विद्वानाचं गाडं अडलं. शेजारच्या प्रभाकरभाईंनी सामाईक भिंतीला भोक पाडू दिलं नाही. मग पाइप मागच्या भिंतीतून काढून वर नेला, तर तो गच्चीला पुरेना. त्याचं तोंड वरच्या खोलीच्या खिडकीखाली हातभर अंतरावर येऊन थांबलं. "जोड मिळाला की पुढे नेऊ," असं म्हणून मुकुंद कारखान्याच्या कामात जो बुडाला, तो दीड महिना वर आला नाही.

वरच्या खोलीत आबा असत. मुकुंदचे वडील. पावसाने फुगून खिडकीचं दार लागेनासं झालं होतं, आणि आबांचे पाय जिना उतरेनासे. बोलावणं काठीने यायचं. फरशीवर दोन ठोके म्हणजे पाणी, तीन म्हणजे चहा, चार म्हणजे वर ये. वर गेलं की, "चहा केलास की भांडं विसळलंस?" नऊ वर्षं, सोळा पायऱ्या. अरुणाने कधी उलट उत्तर दिलं नाही. ती फक्त ठोके मोजायची.

म्हणूनच तिच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं. हीटर लागल्यापासून ठोके कमी झाले. आबा दुपारभर झोपत. सोमवारी पाच-सहा ठोके, गुरुवारी तीन, शनिवारी तर संध्याकाळपर्यंत काठी भिंतीलाच टेकलेली. रविवारी पापडाच्या बायकांना सुट्टी आणि हीटरलाही. त्या दिवशी काठी पुन्हा पहिल्यासारखी वाजायची.

"आबा हल्ली किती शांत झालेत," मुकुंद कौतुकाने म्हणाला होता. "तुझी सेवा फळाला आली."

कालचा रविवार. आबांनी चहा घेतला, नावं ठेवली नाहीत.

"अरुणे, आज वार कोणता गं?"

"रविवार."

"तरीच डोकं हलकंय. या घरात रविवार तेवढा बरा." मग जरा थांबून, कधी नव्हे त्या आवाजात, "उद्या जरा येऊन बसशील का इथे?"

"बघते," ती म्हणाली होती.

आज सोमवार. सकाळी आठला हीटर लागला होता. आता एक वाजत आला होता, आणि एकही ठोका पडला नव्हता.

नथू बाहेर जाऊन मोटरसायकलला बांधलेला पाइप सोडून घेऊन आला.

"साहेबांनी सांगितलेला सहा फुटी जोड. काल भेटला वापीला. दोन तास हीटर बंद ठेवा, लगेच चढवून देतो."

"आज नको. माल उद्या द्यायचाय. मध्येच उष्णता तुटली की पापड चिरतात."

"मंग एक विचारू का? पाइपचं तोंड त्या खिडकीखालीच आहे. पडदा दिसतोय. वर कोन राहतं?"

पोळपाटाशी बसलेल्या सरूबाईचं लाटणं थांबलं. तीन वर्षं ती या घरात पापड लाटत होती. आबांची बोलणी तिनेही कमी खाल्ली नव्हती.

अरुणाने मांडणीवरचा एक पापड उचलून उजेडाकडे धरला. कडेला अजून ओल होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "अडगळ आहे."

सरूबाईने तिच्याकडे पाहिलं. मग लाटणं पुन्हा फिरू लागलं.

"मंग काय घाई नाही." नथूने पाइप कोपऱ्यात उभा केला. "तुमी फोन करा, मी येतो. पन तवर तिथं कुनाला निजवू नका बरं."

"छे."

त्याची मोटरसायकल गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आली. मग फक्त हीटरची घरघर उरली. कोपऱ्यातला पाइप नवाकोरा चकाकत होता.

"ताई," सरूबाई मान वर न करता म्हणाली, "आज चहा नाही मागितला आबांनी."

"झोपले असतील."

"असतील."

आणखी दोन पापड लाटून झाले. तेवढ्यात वर ठोका पडला.

एकच.

नऊ वर्षांत एक ठोका कधी पडला नव्हता. त्याचा अर्थ ठरलेला नव्हता. सरूबाईचे हात पिठातच राहिले. अरुणा हीटरपाशी गेली, बटणावर हात ठेवला, आणि छताकडे बघत दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागली.